सोपानतात्यांचा हिरवा फ्लावर

आमच्या सोसायटीची लिफ्ट विहिरीत आहे. बिल्डरच्या नकाशात असं कुठे लिहिलेलं नाही, पण सोपानतात्या सांगतात म्हणजे आहे. तळघरातल्या पार्किंगमध्ये लिफ्टचं दार बंद झालं की तात्या बोलणं अर्धवट टाकतात, ओठ घट्ट मिटतात आणि श्वास रोखून उभे राहतात. तळमजला आला की श्वास सोडतात आणि वाक्य जिथे तुटलं होतं तिथून पुढे चालू करतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, यांना दमा असावा. काळजीने विचारलं तर म्हणाले, "दमा कशाचा? हितं पानी हाय. काठ आल्याबिगर श्वास कसा घ्याचा?"

या गोष्टीला चार वर्षं झाली. परवा लिफ्टमध्ये माझ्या बायकोने, मनीषाने, मला विचारलं, "तुम्ही गाल का फुगवलेत?" तेव्हा माझ्या लक्षात आलं की हल्ली मीही श्वास धरतो.

चिखलीच्या पुढे, इंद्रायणीच्या अलीकडे, जिथे आज आमच्या चार विंग उभ्या आहेत तिथे पूर्वी तात्यांचं रान होतं. रान गेलं आणि त्याच्या बदल्यात तात्यांना याच इमारतीत सातव्या मजल्यावर घर मिळालं. पण तात्यांनी रान सोडलेलं नाही. ते अजून तिथेच राहतात आणि आम्हा सगळ्यांनाही तिथेच राहायला लावतात. मी परभणीहून इकडे आलो, चाकणच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळता सांभाळता बी विंगमध्ये चौथ्या मजल्यावर घर घेतलं, असं माझ्या आधार कार्डावर आहे. तात्यांच्या लेखी मी चवळीच्या पट्टीत राहतो. "काय परभनीकर, चवळीत गारवा हाय का?" असं ते उन्हाळ्यात विचारतात. क्लबहाउस म्हणजे खळं. मुलांची घसरगुंडी म्हणजे भुईमुगाचा तुकडा. कुरिअरवाल्याने ए विंगचा रस्ता विचारला तर तात्या सांगणार, "उंबरापासनं डाव्या हाताला." उंबर केव्हाच पडला. कुरिअरवाला बिचारा झाड शोधत सोसायटीला फेऱ्या मारतो.

आमच्या चेअरमनसाहेबांनी एकदा हौसेने विचारलं, "तात्या, आमच्या फ्लॅटच्या जागी काय होतं हो?" तात्या जरा थांबले. मग म्हणाले, "लई मोलाची जागा ती. सगळ्या रानाला तितनंच मिळायचं." चेअरमनसाहेब खूश होऊन गेले. ते कोपऱ्यावरून वळल्याची खात्री करून तात्या मला म्हणाले, "उकिरडा व्हता."

पहिली शिफ्ट असली की कंपनीची बस मला साडेचारच्या सुमारास सोडते. चहा झाला की मी गच्चीवर जातो. तिथे अर्धे कापलेले निळे ड्रम मांडलेले असतात, ड्रममध्ये माती, मातीत भाजी, आणि या सगळ्याच्या मधोमध तात्या पाय पसरून बसलेले. हिवाळ्यात त्या वेळेला इंद्रायणीच्या अंगाने धुकं वर सरकायला लागतं, चाकणच्या बाजूला कंपन्यांचे दिवे एकेक करून लागतात, आणि मधले टॉवर, रस्ते, कंटेनर थोडा वेळ पुसट होतात. त्या पुसट वेळेवर तात्यांचा फार जीव.

"डोळं मिटा," ते म्हणतात. मी मिटतो.

"आता तुमी बांधावर हाय. चप्पल काडा. डाव्या अंगाला उंबर. वाकून चला, फांदी खाली आलीया."

आणि मी, चांगला चाळिशी उलटलेला स्टोअर सुपरवायझर, प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसल्या बसल्या मान खाली घालतो. मग पायाला पाटाचं पाणी लागतं. मग घेवडा, मग कोथिंबीर. कोथिंबिरीपाशी मला खरंच वास येतो, शपथेवर सांगतो. तो शेजारच्या ड्रममधलाही असू शकेल, पण डोळे उघडून खात्री करून घ्यावी असं मला कधी वाटलं नाही. आम्ही दोघं असे चालत चालत विहिरीपर्यंत येतो आणि तिथे मात्र तात्या दर वेळी थांबतात. "तिकडं न्हाई जायाचं," ते म्हणतात. "तितं तिचे वाफे हायेत." आणि डोळे उघडतात.

'ती' म्हणजे गयाकाकू, तात्यांच्या पत्नी. गयाकाकू तात्यांशी बोलत नाहीत. सात वर्षं झाली. भांडण नाही, आदळआपट नाही. दोन वेळचं गरम जेवण, धुतलेला सदरा, रक्तदाबाची गोळी, सगळं वेळेवर. फक्त बोलणं नाही. काही सांगायचं झालं तर ते तिसऱ्या माणसाला: "त्यांना सांगा, वाढलंय." घरात तिसरं माणूस नसलं की काकू फ्रिजला सांगतात. फ्रिजकडे तोंड करून म्हणतात, "दूध उतू जायाला लागलंय, कुनी बगील का." तात्या हॉलमधून टीव्हीला उत्तर देतात, "बगतो की." फ्रिजचा आणि टीव्हीचा संसार सुरळीत चाललेला आहे. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे चहाला गेलो तेव्हा अर्ध्या तासात माझ्यामार्फत सहा निरोप इकडचे तिकडे झाले. दोघंही एकाच सोफ्यावर बसले होते. सोफा तीन माणसांचा होता आणि मधे मी होतो.

याचं कारण तात्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही कारली खुडता खुडता. जमिनीच्या कागदावर सही झाली त्या दिवशी तात्या पेढे घेऊन रानात आले. विहिरीजवळचे चार वाफे काकूंचे होते. नांगरट आणि बाजार तात्यांकडे. लावण, खुरपण, पाणी धरणं काकूंकडे. त्या वेळी काकू फ्लावरची रोपं लावत होत्या. हाताची माती झटकत त्यांनी विचारलं, "कशाचे पेढे?" तात्यांनी सांगितलं. काकूंनी पेढा घेतला नाही. पाटीत उरलेली रोपं होती तेवढी शेवटपर्यंत लावली, हात धुतले आणि घरी गेल्या. 'कशाचे पेढे' हे त्यांचं तात्यांशी शेवटचं बोलणं.

"कागदावर तिचं नाव नव्हतं," तात्या मला म्हणाले, "म्हून तिला इचारायचं डोक्यातच आलं न्हाई बगा." कारल्याचा वेल हातात धरून ते पुढचं कारलं शोधू लागले.

तेव्हापासून या माणसाला एकच ध्यास आहे. गयाने एकदा आपल्याशी सरळ बोलावं. तोंडाने माफी मागणं त्यांना जमत नाही. मागितलीही असेल, पण ती टीव्हीला. म्हणून ते भाजी पिकवतात. गच्चीवर पहिली मेथी आली तेव्हा त्यांनी जुडी बांधून ओट्यावर ठेवली. काकूंनी ती उचलली, वास घेतला आणि फ्रिजला म्हणाल्या, "आपली मेथी अशी नव्हती." जुडी आमच्याकडे आली. मग वांगी आली. "आपल्या वांग्याला काटं असायचं." वांगी आमच्याकडे. घेवडा, टोमॅटो, कारली, सगळ्यांना तोच रस्ता. त्यांच्या अबोल्यावर आमचं घर दोन वर्षं ताजी भाजी खात होतं. "त्यांचं जुळलं तर आपल्याला मंडईत जावं लागेल," असं मनीषा एकदा बोलून गेली आणि मग दिवसभर ओशाळवाणी होऊन वावरली.

तात्यांचा मुलगा वाकडला एका उंच टॉवरमध्ये राहतो. मागच्या श्रावणात दोघं त्याच्याकडे जेवायला गेले होते. सुनेने ब्रोकोली आणली होती. निवडायला काकूच बसल्या, सुनेने ती लसणावर नुसती परतली. तात्यांनी एक तुकडा खाऊन "कच्चीच हाय" म्हणून ताट सरकवलं. काकूंनी मात्र दोनदा घेतली आणि सुनेला म्हणाल्या, "ह्ये आपल्यात कधी नव्हतं. बरं लागतंय."

रात्र कशी काढली कोण जाणे, सकाळी सहाला तात्या माझ्या दारात. मी दाढीचा साबण लावलेला. "परभनीकर, त्या हिरव्या फ्लावरचं बी कुटं मिळतं?"

"तुम्हाला तर आवडली नाही ना?"

"माझं काय घिऊन बसला? कळलं का तुमाला? मेथी दिली की तिला आपली मेथी आठवती. वांगं दिलं की आपलं वांगं. जे आपल्या रानात कधी आलंच न्हाई, त्याची तिला आठवन कशी यील?"

मी साबण तसाच ठेवून त्यांच्याकडे पाहत राहिलो. कंपनीत मी मोठमोठे साहेब पाहिले आहेत, फळ्यावर बाण काढून एकेक कारण शोधणारे. इतकं नेमकं कुणी पकडलेलं मला आठवत नाही.

बी मी मोबाइलवरून मागवलं. ते मोहरीएवढं निघालं. "फोडणीत पडलं तर कळायचं न्हाई," म्हणून तात्यांनी पाकीट स्वयंपाकघरापासून लांब, देवघरात ठेवलं, आणि गणपती गेल्यावर पेरणी केली. आमच्या कंपनीत बारीक पार्ट येतात ते खळग्यांच्या काळ्या ट्रेमधून. रिकामे ट्रे भंगारात जातात. साहेबांना विचारून त्यातले दोन मी आणले. प्रत्येक खळग्याला तात्यांनी दाभणाने खालून भोक पाडलं, कोकोपीट आणि शेणखत भरलं आणि चिमटीने एकेक बी सोडलं. चौथ्या दिवशी कोंब दिसले. उन्हाने ते माना टाकतील म्हणून वर हिरवी जाळी आली. त्या दुपारी सुट्टी होती म्हणून मी गच्चीवर डोकावलो तर ट्रेशेजारी चटई टाकून तात्या झोपलेले, आणि ट्रे आणि तात्या दोघांवर मिळून एकच जाळी. जाळीतून ऊन गाळून येत होतं, खाली रस्त्यावर कंटेनर चालले होते, आणि तात्यांच्या चेहऱ्यावर असं काही समाधान होतं की मी पाय न वाजवता परत फिरलो.

रोपं वीतभर झाली तेव्हा त्यातली सात निवडून सात ड्रममध्ये गेली. उरलेली चेअरमनपासून वॉचमनपर्यंत सगळ्यांना वाटली. अळ्या पानाच्याच रंगाच्या, त्या वेचायचं काम चष्मा लावून माझ्याकडे. दिवाळी झाली, थंडी पडली, पानं रुंद आणि निळसर झाली. सकाळी त्यांच्यावर दव साचायचं आणि तात्या ड्रमच्या काठावर हात ठेवून त्या सात झाडांकडे असे बघायचे की सात एकर असावेत. संध्याकाळी मी पाकिटावरच्या सूचना मराठीत करून सांगायचो. तात्या नीट ऐकून घ्यायचे. शेवटी विचारायचे, "लिवनाऱ्यानं फ्लावर लावलाय का कधी?" आणि स्वतःच्या मनाचं करायचे.

तिथेच घात झाला. जानेवारीत झाडांच्या पोटात लिंबाएवढे हिरवे गड्डे दिसायला लागले. आता फ्लावरची रीत अशी की गड्ड्याला ऊन लागलं तर तो पिवळा पडतो, म्हणून भोवतीची पानं वर ओढून सुतळीने बांधायची आणि गड्डा झाकून टाकायचा. तात्यांनी सातही झाडं बांधली. मी म्हटलं, "तात्या, हा हिरवाच असतो. याला ऊन हवं, असं लिहिलंय."

"चाळीस वर्सं फ्लावर पिकवलाय मी," तात्या म्हणाले. "उगड्या गड्ड्याला बाजारात कुनी हात लावत न्हाई."

चाळीस वर्षं तो बांधला होता काकूंनी. पण हे बोलून दाखवायची माझी हिंमत झाली नाही.

अडीच आठवड्यांनी एका शनिवारी आम्ही सुतळ्या सोडल्या. पहिला गड्डा फिकट, पिवळट, आजारातून उठल्यासारखा. दुसरा तसाच. तिसऱ्याला आतून ओल धरून वास सुटला होता. चौथा, पाचवा, सहावा. प्रत्येक झाडागणिक तात्यांचा आवाज खाली जात गेला. सहाव्याला ते ड्रमच्या काठावर टेकले. "आता हिला काय दावू?" एवढंच म्हणाले. मला त्यांची इतकी दया आली की मी उगाच पाकिटाला शिव्या घातल्या.

सातवं झाड पाण्याच्या टाकीमागे, कोपऱ्यात होतं. त्याला आम्ही अलीकडूनच पाइपने पाणी सोडायचो, त्यामुळे बांधल्यापासून वाकून कुणी पाहिलं नव्हतं. त्याची पानं मोकळी होती. मधे तळहात मावेल एवढा, गडद हिरवा, घट्ट दाण्यांचा गड्डा बसला होता.

"वाऱ्यानं सुतळी सुटली जनू," तात्या म्हणाले.

"असेल," मी म्हटलं. पण सुतळी ड्रमच्या काठावरच होती. बोटांवर गुंडाळून तिचं छोटंसं बंडल केलेलं, शेवटचं टोक आत खोचलेलं. वारा इतका टापटिपीचा नसतो. तात्यांनी ते बंडल उचललं, उलटंसुलटं करून पाहिलं. आम्ही खाली असतो तेव्हा, भर दुपारी, या गच्चीवर कोण येत असेल, हे माझ्या डोक्यात शिरेपर्यंत त्यांना कळून चुकलं होतं. त्यांनी बंडल सदऱ्याच्या खिशात ठेवलं.

तो गड्डा त्यांनी दांड्यासकट कापला आणि घरी नेऊन ओट्यावर ठेवला. संध्याकाळी मनीषाने सवयीने मोठा वाडगा घासून ठेवला होता. सात वाजले, साडेसात वाजले. "आज वरून भाजी आली नाही," ती म्हणाली. आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि पिठलं टाकलं. इतकं गोड पिठलं मी कधी खाल्लं नाही.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, तात्यांनी मला ड्रम मोकळे करायला बोलावलं. मी जाताच विचारलं, "काय झालं भाजीचं?"

"पीठ पेरून केली व्हती. दोगांनी खाल्ली."

"काही बोलल्या?"

"फ्रिजला म्हनली, मीठ बरं पडलंय," तात्या म्हणाले आणि खाली वाकून कामाला लागले. फ्रिजलाच म्हणाल्या, यात त्यांना किती लागलं होतं ते त्यांच्या पाठीवरूनही दिसत होतं.

गड्डा काढला की फ्लावरचं झाड संपतं. ते उपटायचं, म्हशीपुढे टाकायचं आणि वाफा पुढच्या पिकाला मोकळा करायचा. म्हैस नव्हती, पण बाकी सगळं तात्या रीतीप्रमाणे करत होते. सहा झाडं उपटून मी एका कडेला रचली. तात्या टाकीमागच्या झाडापाशी गेले, ओणवे झाले आणि त्याच्या बुंध्याला दोन्ही हात घातले.

"उपटू नका."

जिन्याच्या दारात गयाकाकू उभ्या होत्या. पदर खोचलेला, हातात पाण्याची छोटी बादली. एवढ्या वर्षांत मी त्यांना गच्चीवर कधी पाहिलं नव्हतं. निरोप पोचवणं माझ्या आता अंगवळणीच पडलेलं, म्हणून मी तात्यांकडे वळून सांगितलं, "तात्या, काकू म्हणतायत, उपटू नका."

"ऐकलं मी," तात्या म्हणाले.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. 'त्यांना सांगा' नव्हतं त्यात. गच्चीवर फ्रिज नव्हता. ते दोन शब्द सरळ त्यांच्यासाठी होते. मी उगाचच सहा झाडांची रास परत नीट रचू लागलो.

काकू पुढे आल्या. वाकून त्यांनी एक पान बाजूला केलं. देठाच्या बगलेत शेंगदाण्याएवढे हिरवे कोंब होते, एक इथे, दोन तिथे. "ह्ये बगा की," त्या म्हणाल्या. "अजून येतंय. ह्यो फ्लावर न्हाई."

तात्या अजून ओणवेच होते. त्यांनी मान वर करून काकूंकडे पाहिलं. ती बोलली तर आपण काय म्हणायचं, हे सात वर्षांत त्यांनी किती वेळा मनात घोळवलं असेल. मला वाटलं, आता माफी मागतील.

"मग मी काय करू?" तात्यांनी विचारलं. "तू सांग."

काकूंनी बादली खाली ठेवली, पदराने तोंड पुसलं, मग डोळे पुसले. इंद्रायणीवरचं धुकं अजून पुरतं उठलं नव्हतं. खालच्या रस्त्यावरून एक बस हॉर्न देत गेली.

"आदी हात काडा त्याच्यावरनं," त्या म्हणाल्या.

तात्यांनी हात काढले.